जोहान्सबर्गजवळचा अंधार: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

दक्षिण आफ्रिकेत मिडरँडला काढलेल्या दोन वर्षांवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल तीनदा वाचली. तुम्ही विद्युत मंडळात नोकरी केलीत, जालन्याकडच्या खेड्यांत 12-12 तास भारनियमन सोसणारी माणसं पाहिलीत. त्यांनी कधी रडगाणं गायलं नाही, आणि मी मात्र पहारेकऱ्यांच्या भरवशावर कुंपणाआड राहून अख्ख्या देशाची बदनामी केली, असं तुमचं म्हणणं.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तो लागला आणि तो खरा आहे. त्या लेखात आमच्या इस्टेटीबाहेर, म्हणजे त्या कुंपणबंद वसाहतीबाहेर, राहणारं एकही माणूस नव्हतं. शीर्षक 'तिथलं जगणं', आणि लिहिलं फक्त माझ्या फाटकाबद्दल.

भारनियमनाची तुलना मात्र मला पटत नाही. शब्द एकच, तिथेही लोडशेडिंगच म्हणतात. एक 'स्टेज' म्हणजे 1000 मेगावॅटची कपात. 2023 मध्ये आम्ही स्टेज 6 काढली, तुकड्यातुकड्यांनी दिवसाचे 10-10 तास वीज नाही. कोळशाची जुनी केंद्रं सारखी बंद पडत होती, मेडुपी आणि कुसिले ही नवी केंद्रं वर्षानुवर्षं रखडली होती. इथवर सगळं तुमच्या ओळखीचं वाटेल. पण तारेत वीज कधी नसणार हे वेळापत्रकामुळे चोरालाही ठाऊक असे. त्याच वेळात तांब्याची केबल कापली जाई, आणि मग ठरलेली वेळ उलटली तरी वीज येत नसे. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या इतक्या कपातीत पुरत्या चार्ज होत नसत, शिवाय त्याही चोरीला जात. म्हणजे कुंपणातला करंट, अलार्म आणि मदतीला बोलवायचा फोन, सगळं एकदमच जाऊ शके. त्या देशात 2022-23 या एका वर्षात 27 हजारांवर खून झाले, दिवसाला साधारण 75.

माझ्या आजोळी, गेवराईकडे, भारनियमन मीही पाहिलंय. रात्री दोनला मोटार सुरू करायला शेतावर जाणाऱ्या मामाचे हाल विसरलेले नाही. पण आम्ही पोरं तेव्हा अंगणात बाजेवर झोपायचो, दार सताड उघडं असायचं.

आता जे तेव्हाच लिहायला हवं होतं ते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी टेम्बिसाच्या. ही जवळचीच टाउनशिप, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वसवलेली वस्ती. पहाटे साडेचारला त्यांना टॅक्सी, म्हणजे तिथली पंधराएक जणांची व्हॅन, गाठावी लागे. रस्त्यावर दिवे नसत. गल्लीतल्या सात-आठ जणी एकीच्या दारात जमत आणि मोबाइलच्या उजेडात थांब्यापर्यंत मिळून चालत जात. शेवटची येईपर्यंत कुणी निघायचं नाही, हा त्यांचा नियम. मग जिला उशीर होई तिच्यापायी सगळ्यांचीच टॅक्सी चुके, आणि मालकिणीची बोलणी प्रत्येकीला वेगळी. मावशी घरात आल्या की आधी पिशवीतून तीन-चार फोन काढून चार्जिंगला लावत. एक त्यांचा, बाकीचे शेजारणींचे. उद्याच्या पहाटेचा उजेड त्यात भरायचा असे. मी हे रोज पाहत होते, आणि लेखात मी आमच्या इन्व्हर्टरची किंमत लिहिली. तुम्ही रागावलात ते बरं केलंत.

26 मार्च 2024 नंतर तिथे 300 हून जास्त दिवस लोडशेडिंग झालं नाही, हेही मी लिहिलं नव्हतं. पण टाउनशिपमध्ये 'लोड रिडक्शन' राहिलंच. तारांवर आकडे टाकून वीज चोरल्याने भार वाढून रोहित्रं जळतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ अख्ख्या भागाची वीज बंद, रीतसर पैसे भरणाऱ्याचीही. नेमकी कामाला निघायची आणि परतायची वेळ.

लेखाचं शीर्षक आज बदललंय, मावशींचा भागही जोडतेय. त्याआधी एक विचारायचं आहे. आपल्याकडेही वीजचोरी आणि थकबाकीमुळे जास्त गळती असलेल्या फीडरवर, म्हणजे एका भागाला वीज पुरवणाऱ्या लाइनवर, जास्त भारनियमन होत असे. त्या फीडरवर नेमाने बिल भरणारी माणसं तुमच्या ऑफिसात यायची तेव्हा तुम्ही त्यांना काय सांगायचात?