भुवया खाली घे!

मी काय शिकते हे सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणतो आणि लगेच स्वतःचे दोन्ही हात हवेत कसेतरी फिरवून विचारतो, "म्हणजे हे ना?" हो, हेच. साइन लँग्वेज इंटरप्रिटिंग, म्हणजे डेफ लोकांची हातांची भाषा आणि बोलली जाणारी भाषा यांच्यात दुभाष्याचं काम. पुढचा प्रश्न पण ठरलेला, "आणि याला डिग्री लागते??"

हात हलवले की झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आमच्या फर्स्ट इयरला एक व्हिडिओ दाखवतात. डिसेंबर 2013, जोहान्सबर्ग, नेल्सन मंडेलांची शोकसभा, जगभरचे नेते स्टेजवर आणि त्यांच्या शेजारी एक इंटरप्रिटर अगदी गंभीर चेहऱ्याने हात हलवतोय. ऐकू येणाऱ्यांना काहीच खटकलं नाही. इकडे जगभरचे डेफ लोक टीव्हीसमोर बसून विचारतायत की हा माणूस बोलतोय काय, कारण त्या हातांना काही अर्थच नव्हता. तर डिग्री त्यासाठी लागते.

तिसरा प्रश्न, "पण ही भाषा जगभर एकच असते ना?" याचं उत्तर लांब आहे. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी, पण तिथल्या डेफ लोकांना एकमेकांच्या साइन कळत नाहीत, कारण अमेरिकेत 1817 ला हार्टफर्डला डेफ मुलांची शाळा निघाली तिथे शिकवायला लॉरें क्लेर्क नावाचे डेफ शिक्षक पॅरिसहून आले होते, म्हणून अमेरिकन साइनचं नातं फ्रेंच साइनशी जास्त. हे मी एकदा लिफ्टमध्ये एकाला सांगायला घेतलं तर तो स्वतःचा मजला यायच्या आधीच उतरून गेला.

असो. खरं रडगाणं वेगळंच आहे आणि ते हातांचं नाहीये.

1960 ला विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिलं की साइन म्हणजे नुसते हातवारे नाहीत, प्रत्येक साइनचे भाग पाडता येतात, हाताचा आकार, जागा, हालचाल. त्याआधी भल्याभल्या भाषातज्ज्ञांना ही भाषा आहे हेच मान्य नव्हतं. आता आकार, जागा, हालचाल या तिन्ही गोष्टी मला बऱ्यापैकी जमतात. मग अभ्यासक्रमात चेहरा आला आणि माझी वाट लागली. कारण इथे चेहरा म्हणजे व्याकरण. बऱ्याच साइन लँग्वेजमध्ये हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर, कोण-काय-कुठे असेल तर आक्रसून खाली. हात तेच, शब्द तेच, नुसत्या भुवया उचलल्या की विधानाचा प्रश्न होतो. आणि माझ्या भुवया जन्मापासून वरच आहेत हो! शाळेत बाई विचारायच्या, "एवढं आश्चर्य कसलं वाटतंय?" आता मी "डॉक्टर आले" म्हटलं की "डॉक्टर आले?" होतं, आणि "तुमचे वडील गेले" सारखं वाक्य तर माझ्याकडून न गेलेलं बरं.

डेफ लोकांमध्ये तुमचं साइन नेम, म्हणजे हातांनी घ्यायचं नाव, ते ठरवतात, आपण नाही. मला वाटलं होतं माझं काहीतरी हसऱ्या चेहऱ्याचं वगैरे येईल. आमच्या डेफ सरांनी माझ्याकडे दोन सेकंद बघितलं आणि एक बोट भुवईपाशी नेऊन वर उडवलं. झालं बारसं. सगळ्या वर्गाने हात हवेत हलवून टाळ्या पण दिल्या.

मग व्हिडिओ असाइनमेंट. मागे कोरी भिंत, अंगात साधा गडद रंगाचा शर्ट म्हणजे हात उठून दिसतात, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला. रेकॉर्ड करायचं आणि नंतर आवाज बंद करून स्वतःलाच बघायचं. स्वतःचा आवाज ऐकणं ज्यांना नकोसं होतं त्यांनी एकदा स्वतःचे गाल फुगलेले बघावेत. सर त्यावर वेळ टाकून शेरे पाठवतात. "0:14 भुवया." "0:31 भुवया." "0:52 भुवया!!" एका व्हिडिओत आई मागच्या कपाटातून चादर काढायला आली आणि मी रेकॉर्डिंग करतेय हे बघून थबकली, त्याखाली सरांनी लिहिलं होतं, "मागच्या बाईंचा चेहरा जास्त स्पष्ट आहे." आई तेव्हापासून मला टिप्स देते.

सेकंड इयरला सिमल्टेनियस सुरू झालं, म्हणजे वक्ता बोलत असतानाच तुम्ही साइन करायचं. डॅनियल जील नावाच्या अभ्यासकाचं एक एफर्ट मॉडेल आम्हाला आहे, त्यात ऐकून समजणं, लक्षात धरून ठेवणं आणि दुसऱ्या भाषेत मांडणं ही सगळी कामं डोक्यातल्या एकाच मर्यादित ताकदीवर भांडत असतात. माझा जीलसाहेबांवर पूर्ण विश्वास आहे. फक्त त्यांनी मराठीतली भाषणं ऐकली नसावीत. आपल्याकडे क्रियापद शेवटी, आणि नकार तर त्याच्याही शेवटी. "गेल्या वर्षी सुरू केलेल्या योजनेचा लाभ शेवटच्या माणसापर्यंत पोचला असं जर आज मी या ठिकाणी म्हटलं तर ते..." इथे वक्ता पाणी पितो. मी हात अर्धे वर करून उभी. "...खरं ठरणार नाही." घाई करून आधीच सुरू केलं असतं तर माझे हात एव्हाना शेवटच्या माणसाला लाभ देऊन मोकळे झाले असते, आता परत कसा मागणार? आणि थांबावं तर मागे वाक्यांची रांग. म्हणून खऱ्या कामात दोघं इंटरप्रिटर असतात, साधारण वीस मिनिटांनी अदलाबदल करतात. यावर आमच्या घरी प्रतिक्रिया, "वीसच मिनिटं? बरंय की!"

पण या सगळ्याहून अवघड म्हणजे गप्प बसणं. स्वतःचं मत द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समोरचा धडधडीत खोटं बोलला तरी तेच पोचवायचं, आणि तेही "ती म्हणतेय की" असं नाही, सरळ "मी" म्हणून. डेफ व्यक्ती साइन करते, इंटरप्रिटर तिच्या वतीने "मी" म्हणून बोलते. शिवाय जे कळलं ते कोणाला सांगायचं नाही. सर म्हणतात प्रॅक्टिकल सुद्धा खरंच समजा, सवय लागली पाहिजे.

तर त्या दिवशी प्रॅक्टिकलला दवाखान्याचा प्रसंग होता. पेशंट झालेली मैत्रीण भलतीच रंगात आली होती, आणि व्हॉइसिंग, म्हणजे तिच्या साइन बोलून दाखवणं, माझ्याकडे. दार उघडं. मी ठणठणीत आवाजात, "डॉक्टर, मला खूप दिवसांपासून मूळव्याधीचा त्रास आहे, बसताच येत नाही, आणि लाजेमुळे मी आजपर्यंत कोणाला बोलले नाही." बाहेर स्टुलावर शिपाईकाका.

दुसऱ्या दिवशी मी कॉरिडॉरमधल्या बाकावर टेकणार तेवढ्यात काका धावत आले, "ताई, कडक बाकावर नका बसू!" आणि स्वतःच्या स्टुलावरची उशी पुढे केली. म्हटलं, काका, मला काही झालेलं नाही, मी दुसऱ्या कोणाच्या वतीने बोलत होते. काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "मग कोणाला आहे?"

आता हे सांगता येत नाही ना. मी गप्प.

"समजलं," काका म्हणाले, आणि उशी बाकावर ठेवून गेले.