‘ब्ल्यू मंडे’चं कव्हर आणि आतबट्ट्याची दंतकथा

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. थोडक्यात असा: मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीनं १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या बँडची ‘ब्ल्यू मंडे’ ही १२ इंची रेकॉर्ड काढली. संगणकाच्या जुन्या फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला पाच पेन्सचा तोटा झाला. रेकॉर्ड तुफान खपली आणि जितकी खपली तितकी कंपनी खड्ड्यात गेली. करारबिरार नव्हतेच. शेवटी १९९२ मध्ये दिवाळं. कलेपुढे पैसा तुच्छ मानणाऱ्या वेड्यांची गोष्ट म्हणून लोक ती पुढे ढकलतात.

गोष्टीत तथ्य आहे, पण मूठभर. पहिलं कव्हर खरंच महाग होतं आणि फॅक्टरीत हिशेबाची बोंब होती, हेही खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘प्रत्येक प्रतीमागे तोटा’

आधी कव्हर कसं होतं ते बघा. पीटर सॅव्हिल आणि ब्रेट विकन्स या डिझायनरांनी सव्वापाच इंची फ्लॉपीच मोठी करून मांडली. काळा पुठ्ठा, मधलं गोल भोक, त्याच्या शेजारचं बारीक भोक आणि खालची लांबट खाच. या जागा छापलेल्या नव्हत्या, कापलेल्या होत्या. त्यांतून आतली चंदेरी पिशवी दिसायची. उजव्या कडेला रंगीत चौकोनांची पट्टी. बँडचं आणि गाण्याचं नाव त्या पट्टीत सांकेतिक रंगांत लिहिलेलं, आणि संकेत सोडवायचं चक्र दोन महिन्यांनी आलेल्या अल्बमच्या मागच्या बाजूला. मार्चमध्ये रेकॉर्ड घेणाऱ्याला ती पट्टी वाचायला मे उजाडावा लागला.

छापखान्याच्या भाषेत याचा अर्थ असा. पट्टीचे रंग नेहमीच्या चार शाईंतून न काढता ठरवून दिलेले स्पेशल कलर असले, की प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट आणि वेगळी शाई लागते. छपाई झाल्यावर ताव पुन्हा यंत्रावर चढवायचा, कारण पंचिंग, म्हणजे भोकं कापणं, हा यंत्रावरचा स्वतंत्र फेरा, म्हणजे पास आहे. त्यासाठी लाकडी फळीत पोलादी पात्या बसवून डाय करावी लागते, ती यंत्रावर जुळवताना काही ताव वाया जातात, आणि भोकांतले पुठ्ठ्याचे तुकडे वेगळे काढावे लागतात. ताव केसभर सरकला तरी भोक छपाईच्या मध्यावर येत नाही आणि तो ताव रद्दीत जातो. काळ्या गच्च शाईवर पाती बसली की कडेला शाई तडकते आणि आतला पांढरा पुठ्ठा डोकावतो. चंदेरी शाई वाळायला वेळ घेते. घाईनं थप्पी लावली की वरच्या तावाच्या पाठीवर डाग पडतात. लग्नपत्रिकेला पंचिंग करून घेतलेल्या कुणालाही हे खर्च ठाऊक असतील.

पण हे खर्च दोन जातींचे आहेत. डाय, प्लेटा, डिझाइन हा एकदाच होणारा खर्च. तो पाच हजार प्रतींवर वाटला तर डोळ्यांत भरतो, पाच लाखांवर वाटला तर दिसतही नाही. जादा पास, वेस्टेज आणि हातकाम हे मात्र प्रत्येक प्रतीला चिकटलेले. त्यामुळे दर प्रतीचा खर्च पहिल्या खेपेला सर्वांत जास्त असतो आणि खेप मोठी होत गेली की उतरत जातो. ‘जितकं खपलं तितका तोटा वाढला’ हे तेव्हाच खरं, जेव्हा कव्हर शेवटपर्यंत तेच राहिलं असतं आणि चिकटलेला खर्च एकटाच किमतीला खाऊन टाकत असता.

कव्हर मात्र तेच राहिलं नाही. नंतरच्या आवृत्त्यांत भोकं बंद झाली आणि त्यांच्या जागी चंदेरी शाईचा छाप आला. पंचिंगचा पास गेला, त्याचं वेस्टेज गेलं, तुकडे काढणंही गेलं. कापलेली कव्हरं नेमकी किती निघाली हे खुद्द सॅव्हिललाही सांगता आलेलं नाही. ही गोष्ट ऐकून कंटाळलो, असंही त्यानं एका माहितीपटात सांगून टाकलं आहे. ज्याची मोजदादच नाही त्याचा ‘प्रत्येक’ कुठून आला?

‘पाच पेन्स’

हा आकडा कंपनीचा संस्थापक टोनी विल्सन याचा. तो गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता, पण या बाबतीत त्यानं तोटा ‘आमच्या विचित्र हिशेबपद्धतीमुळे’ झाला अशी पुस्ती जोडली होती. फिरणाऱ्या मजकुरात पुस्ती गळते, आकडा उरतो.

हिशेबात काय धरलं यावर तोटा ठरतो. दुकानात शंभर पेन्सना विकलेली रेकॉर्ड घ्या. (किंमत सोयीसाठी धरली आहे.) तेव्हाच्या १५ टक्के व्हॅटचे १३ पेन्स गेले, उरले ८७. दुकानदारानं ३० टक्के ठेवले, उरले ६१. वितरकानं चौथा हिस्सा घेतला, उरले ४६. ब्रिटनच्या तेव्हाच्या कायद्यानं गीतकार-संगीतकाराला विक्रीच्या किमतीवर सव्वासहा टक्के, म्हणजे साडेपाच पेन्सच्या आसपास. हातात चाळीस. दुकानदार आणि वितरकाचे वाटे थोडे इकडेतिकडे करा, आकडा तेवढाच हलेल. या चाळिसातून रेकॉर्ड दाबणं, लेबल, आतली पिशवी, कव्हर आणि जाहिरात. कव्हराचा सगळा आरंभीचा खर्च पहिल्याच खेपेवर टाकला तर तोटा दिसणार. वर्षभरावर पसरला तर चित्र वेगळं.

एक बारीक गोष्ट इथे सुटते. ते सव्वासहा टक्के कंपनीच्या नफ्यातोट्यावर अवलंबून नसतात. कंपनी आतबट्ट्यात असली तरी गाणं रचणाऱ्याला ते मिळतात, आणि इथे गाणं रचणारे म्हणजे बँडच. शिवाय हेच रेकॉर्डिंग १९८७ च्या ‘सबस्टन्स’ या संग्रहात पुन्हा विकलं गेलं आणि १९८८ च्या रीमिक्सनं ब्रिटनच्या खपाच्या यादीत तिसरा क्रमांक गाठला. (१९८३ मध्ये मूळ रेकॉर्ड बाराव्यापर्यंत चढून उतरली आणि शरदात पुन्हा चढून नवव्यावर गेली होती.) गाण्याची कमाई एका कव्हराच्या वहीत बसत नाही.

‘या कव्हरानं कंपनी बुडवली’

हा सगळ्यात लंगडा भाग. दाव्याला झुकतं माप देऊ: दहा लाख प्रती धरू, सगळ्या कापलेल्या कव्हराच्या, आणि प्रत्येकीमागे पाच पेन्सचा तोटा. बेरीज पन्नास हजार पौंड. तीही नऊ वर्षांत. फॅक्टरी नोव्हेंबर १९९२ मध्ये बंद पडली तेव्हा कर्जाचे आकडे लाखो पौंडांत होते.

पैसा इमारतींत गेला. मे १९८२ मध्ये व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर हासिएंडा हा क्लब उघडला. बेन केलीनं आखलेला, देखणा, आणि पैसे खाणारा. त्याची मालकी फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर यांच्यात वाटलेली होती, म्हणजे बँडच्या रेकॉर्डवर जमलेला पैसा क्लबची भोकं बुजवायला जायचा. दशकाच्या अखेरीस क्लब तुडुंब भरू लागला तेव्हाही गल्ला हलकाच राहिला. कारण क्लब चालतो बारवर, आणि एक्स्टसी या नशेच्या गोळ्या घेऊन रात्रभर नाचणारी पोरं दारू कमी आणि पाणी जास्त पीत. त्यात टोळ्यांची हाणामारी सुरू झाली आणि १९९१ च्या आरंभी काही महिने दारंच बंद ठेवावी लागली.

दरम्यान १९८९ मध्ये ओल्डहॅम स्ट्रीटवर ड्राय हा बार आणि १९९० मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर नवं कार्यालय. वेळ बघा: ऑक्टोबर १९८९ पासून वर्षभर ब्रिटनचा मूळ व्याजदर १५ टक्के होता, आणि पाठोपाठ मंदी. असं कर्ज डोक्यावर असताना विकायला नवा माल हवा. तो नव्हता. न्यू ऑर्डरचा १९८९ च्या अल्बमनंतरचा पुढचा अल्बम आला थेट १९९३ मध्ये, तोही दुसऱ्या कंपनीकडून. कंपनीचा दुसरा हुकमी बँड हॅपी मंडेज. त्यांनी बार्बाडोसला जाऊन १९९२ चा अल्बम रेकॉर्ड केला. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाहून गेले, आणि खप बेताचाच. या अल्बमच्या कव्हराला एकही भोक नव्हतं.

‘फॅक्टरीत करारच नव्हते’

उलट आहे. कागद होता, आणि नेमका तोच नडला. संगीतकार सगळ्याचे मालक, कंपनी कशाचीच नाही, आणि बँडला हवं तेव्हा चालतं होण्याची मुभा, अशा आशयाचे शब्द त्यावर होते. तो रक्तानं लिहिला होता का, ही चर्चा मजेची आहे, पण निरुपयोगी. कामाचा भाग दुसरा. खर्च वजा जाता उरलेल्यात अर्धं बँडचं, अर्धं कंपनीचं, ही वाटणी त्या काळी उदारच म्हणायची. तिचा फायदा बँडना झाला आणि म्हणून चांगले बँड टिकले. पण रेकॉर्ड कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा साठा. १९९२ मध्ये लंडन रेकॉर्ड्स ही दुसरी रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी विकत घ्यायला आली, तेव्हा हा साठा कंपनीच्या नावावर नाही हे त्या कागदानं दाखवून दिलं. मग विकत घ्यायचं काय? लंडननं न्यू ऑर्डरशी परस्पर करार केला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. मालकीचंही आणता येत नाही.

‘गोल्ड डिस्क नाही, म्हणजे खपाचे आकडे फुगवलेले’

हा आक्षेप उलट्या बाजूच्या लोकांचा. ब्रिटनमध्ये गोल्ड डिस्क, म्हणजे ठरावीक खपाचं प्रमाणपत्र, देते ती रेकॉर्ड कंपन्यांची संघटना. फॅक्टरी तिची सभासद नव्हती, त्यामुळे तेव्हा प्रमाणपत्र मिळालं नाही. एवढंच.

जुन्या रेकॉर्ड विकणारे काही जण ‘हीच ती तोट्यातली प्रत’ म्हणून चढी किंमत लावतात. तपासायला भिंग लागत नाही. रेकॉर्ड पिशवीसकट बाहेर काढा, कव्हर उजेडाकडे धरा आणि मधल्या गोलातून बोट आरपार जातं का ते बघा. बोट पुठ्ठ्याला थटलं आणि चंदेरी चमक वरच्या वर राहिली, तर ती नंतरची आवृत्ती. बोट गेलं तर खाचेच्या कडा बघा, रेकॉर्ड आतबाहेर करताना पुठ्ठा तिथेच फाटतो. आणि आतली चंदेरी पिशवी आहे का ते विचारा. पांढरी निघाली तर ती बहुधा नंतर कुणीतरी घातलेली.