खुलासा: सलाईनची सुई आणि 'तीन दिवसांचा' मेसेज

"सलाईनची सुई तीन दिवसांत बदलली नाही तर नर्सचा हलगर्जीपणा समजा, भांडून बदलून घ्या," असा मेसेज फिरतोय. वॉर्डात काम करणारी नर्स म्हणून सांगते, हे बरोबर नाही.

मुळात हातात सुई राहतच नाही. टोचल्यावर ती काढून घेतो, आत उरते मऊ प्लॅस्टिकची नळी. ती ठरावीक दिवसांनी बदलायची पद्धत पूर्वी सर्रास होती, काही रुग्णालयांत आजही आहे. पण ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ३२८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका गटाची नळी दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्याची गरज पडली तरच. शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच. एखाद्या आजीची शीर सापडत नाही, हात काळानिळा पडतो, तेव्हा विनाकारण पुन्हा टोचणं काय असतं ते आम्ही रोज बघतो.

मात्र "बदलूच नका" असा अर्थ काढू नका. जागा लाल झाली, दुखली, सुजली, पट्टी ओली झाली, तर पहिल्याच दिवशी सिस्टरांना हाक मारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.