‘मागणीच नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्वस्त आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता येणारा लॅपटॉप मिळायला हवा, या माझ्या लेखावर तुम्ही तपशिलात जाऊन टीका केलीत, म्हणून मीही जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की असे लॅपटॉप मूठभर हौशी लोकांनाच हवे असतात, बाकीचे पातळ आणि देखणा बघून घेतात. पुरावा म्हणून तुम्ही नेटबुक, म्हणजे छोटे स्वस्त लॅपटॉप, पुढे केलेत: स्वस्त होते, तरी संपले.

नेटबुकची गोष्ट मला उलट बाजूची साक्ष वाटते. २००७ मध्ये आसुसचा ईईई पीसी आला. सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली. कागदावर तोकडंच यंत्र, पण वर्षभरात एसर, डेल, एचपी सगळे त्याच्यामागे धावले. त्याआधी ही मागणी विक्रीच्या कुठल्याही आकड्यात दिसत नव्हती, कारण विकायला वस्तूच नव्हती. पुढे काय झालं तेही बघा. विंडोजचा स्वस्त परवाना हवा असेल तर रॅम १ जीबीच्या वर नको, पडदा मोठा नको, अशा अटी मायक्रोसॉफ्टने घातल्या. नंतरच्या विंडोज ७ स्टार्टर या मर्यादित आवृत्तीत तर साधा वॉलपेपरही बदलता येत नव्हता. २०१० मध्ये आलेल्या आयपॅडने गिऱ्हाईक ओढलं हे मान्य. पण तोवर नेटबुक म्हणजे हात बांधलेलं यंत्र झालं होतं. लोकांनी ते नाकारलं, यावरून त्यांना मोकळं यंत्र नको होतं असं कसं म्हणता येईल?

बदलता येणारा लॅपटॉप महागच पडतो, यासाठी तुम्ही दिलेलं फ्रेमवर्क कंपनीचं उदाहरण जास्त वजनदार आहे. २०२१ पासून ही कंपनी असे लॅपटॉप विकते, की जुन्या सांगाड्यात नव्या पिढीचा मदरबोर्ड, म्हणजे मुख्य सर्किटची पाटी, बसतो, आणि तो लॅपटॉप खरेदीच्या दिवशी स्वस्त नसतो. याचं कारण मला मापांत दिसतं. डेस्कटॉपसाठी इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं, म्हणून आजही एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसतो आणि स्पर्धेने किंमत उतरते. लॅपटॉपमध्ये असं सामाईक माप रॅमच्या पट्टीला आणि साठवणीच्या एम.२ एसएसडीला आहे, आणि नेमके हेच भाग कुठल्याही दुकानातून घेऊन बसवता येतात. बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी, मदरबोर्ड मात्र दर मॉडेलला वेगळे. फ्रेमवर्कने आपल्या बोर्डाची मापं खुली केली आहेत, पण मोठ्या कंपन्यांनी ती उचललेली नाहीत.

रॅम सोल्डर करणं, म्हणजे बोर्डावर कायमची जोडून टाकणं, ही तांत्रिक गरज आहे, हे तुमचं म्हणणं अर्धं खरं. एलपीडीडीआर रॅम वीज कमी खाते आणि तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं. पण अशाच रॅमचं स्क्रूने बसणारं, काढता येणारं एलपीकॅम२ आलेलं आहे. २०२४ मध्ये लेनोवोने थिंकपॅड पी१ मध्ये ते वापरलं. दुःख एवढंच, की तो महागड्या वर्गातला लॅपटॉप होता.

आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. ज्याच्याकडे पैसे भरपूर आहेत तो पहिल्या दिवशीच ३२ जीबी घेऊन मोकळा होतो. ज्याच्याकडे कमी आहेत, त्याला आज ८ जीबी घेऊन पुढे हातात पैसे आले की वाढवण्याची सोय हवी असते. रॅम सोल्डर केली की त्याला पाच वर्षांची गरज आजच ओळखावी लागते आणि तिचे पैसेही आजच मोजावे लागतात. चुकला अंदाज, तर अख्खं यंत्र बदला. बदलता येणं ही हौस नाही, हप्त्याहप्त्याने खरेदी करण्याची ती वाट आहे.

तुम्ही विचारलंत, मला नेमकं हवंय तरी काय. सगळ्यांत स्वस्त वर्गात रॅमची एक तरी मोकळी खाच, एम.२ एसएसडी, यंत्राच्या वरच्या आवरणापासून वेगळा निघणारा कीबोर्ड आणि गोंदाऐवजी स्क्रूने धरलेली बॅटरी. बॅटरीपुरता तरी युरोपीय संघाने नियम केला आहे: काही अपवाद सोडता १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. उरलेल्या तीन गोष्टींसाठी मी लिहीत राहणार आहे.