बोकडावर सुरी कोण चालवतो?

पुण्यातल्या आत्येबहिणीने वास्तुशांतीला स्त्री पुरोहित बोलावल्या आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. एका काकांना ही ‘थेरं’ वाटतात. भाचेमंडळी लगेच पंढरपूर काढतात: 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क गेले, मंदिर समितीने इतर जातींचे पुजारी नेमले, बायकाही नेमल्या, विठ्ठल रुसला का? मी भाच्यांच्या बाजूचा. पण रोममध्ये राहून हा वाद वाचताना वाटतं, भांडण फक्त गाभाऱ्यातल्या जागेचं चाललंय.

इथे टायबर नदीकाठी रोमच्या सिनेटने पहिला सम्राट ऑगस्टस याच्या सन्मानार्थ उभारलेली शांतिवेदी आहे, आरा पाचिस. तिच्या संगमरवरी मिरवणुकीत टोकदार टोप्या घातलेले पुरोहित चालतात, आणि त्यांच्या मागोमाग खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला सेवक. ज्युपिटरच्या पुरोहिताचं सोवळं तर आमच्या आजीलाही झेपलं नसतं! घोड्यावर बसायचं नाही, कच्च्या मांसाला शिवायचं नाही, अंगावर कुठे गाठ नको, बायको वारली की पदही गेलं. रोमन यज्ञात यजमान किंवा पुरोहित डोक्यावरून वस्त्र ओढून पशूवर खारं पीठ भुरभुरवायचा, प्रार्थना म्हणायचा. घाव घालायला माणूस वेगळा, बहुतेकदा गुलाम.

हक्काची लढाई तिथेही झाली. इसवी सनापूर्वी 300 मध्ये ओगुल्नियन कायद्याने पोंतिफांच्या, म्हणजे वरिष्ठ पुरोहितांच्या, मंडळात प्लेबियनांना, म्हणजे उमराव नसलेल्या नागरिकांना, 4 जागा मिळाल्या. मिळाल्या त्या त्यांच्यातल्या बड्या घराण्यांना. कुऱ्हाडवाला होता तिथेच राहिला.

आपल्याकडे गावच्या जत्रेत बोकड कापायला मुलाणी यायचा. बलुतेदारच तो, मुसलमान; देवीचा नैवेद्य त्याच्या सुरीवाचून होत नसे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. 2025 मध्ये राज्याच्या एका मंत्र्याने फक्त हिंदूंनी चालवलेल्या झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली, तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. काकांचे आणि पुरोगामी भाच्यांपैकी दोघांचेही. मुलाण्याचं नावही कुणी काढलं नाही.

गाभारा सगळ्यांना खुला व्हावा म्हणणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या देवीचं काम करत आलेल्या माणसाला वेशीबाहेर काढण्यावर टाळ्या वाजवाव्यात, हे मला पटत नाही. तसं लिहिलं, तर काका म्हणाले, तू परदेशात बसून सांगू नकोस. भाचे गप्प बसले.