दोन डेरिव्हेटिव्ह एकमेकांना गुणणं आता तरी थांबवा!

साइन एक्स गुणिले कॉस एक्स. डेरिव्हेटिव्ह (म्हणजे फल किती वेगानं बदलतं ते, आलेखाचा चढ) काढा म्हटलं की पुढच्या ओळीत कॉस एक्स × (−साइन एक्स) लिहून मोकळे! अरे, दोघांचे डेरिव्हेटिव्ह काढून गुणायचे हे सांगितलं कोणी? बेरजेला चालतं म्हणून गुणाकारातही रेटायचं? १६७५ साली, कॅल्क्युलस घडवणाऱ्या लायब्निझलाही हीच शंका आली होती, पण त्यानं निदान तपासून पाहिलं आणि जमत नाही म्हणून सोडून दिलं.

तपासायला लागतं काय? साइन² एक्स + कॉस² एक्स = १. स्थिरांक, म्हणून डेरिव्हेटिव्ह शून्य. तुमच्या लाडक्या रीतीनं साइन² चं होतं कॉस², कॉस² चं साइन², आणि बेरीज पुन्हा १. आडव्या रेषेला चक्क ४५ अंशांचा चढ!

खरी रीत म्हणजे प्रॉडक्ट रूल: एका वेळी एकाचंच डेरिव्हेटिव्ह, दुसरा जसाच्या तसा, आणि मग दोन्ही पदांची बेरीज. कॉस × कॉस + साइन × (−साइन), म्हणजे कॉस² एक्स − साइन² एक्स, म्हणजेच कॉस २एक्स. संपलं. यात अवघड काय आहे?

बरं, प्रॉडक्ट रूल जमला की चेन रूल (फलाच्या आत दुसरं फल असेल तर आतल्याच्या डेरिव्हेटिव्हनंही गुणायचं) गायब. एक्स² साइन ३एक्स चं उत्तर २एक्स साइन ३एक्स + ३एक्स² कॉस ३एक्स. दुसऱ्या पदातला तो ३ हमखास गिळला जातो, कारण सगळं लक्ष एक्स² कडे. आणि साइन² एक्स व साइन (एक्स²) यांत गल्लत करणाऱ्यांपुढे तर हात टेकले! पहिल्याचं २ साइन एक्स कॉस एक्स, दुसऱ्याचं २एक्स कॉस (एक्स²). कंस घालायला पैसे पडत नाहीत.

उत्तरसूची छापणारेही कमी नाहीत. साइन ५एक्स कॉस ३एक्स चं तुमचं उत्तर ५ कॉस ५एक्स कॉस ३एक्स − ३ साइन ५एक्स साइन ३एक्स, आणि मागच्या पानावर नुसतं ४ कॉस ८एक्स + कॉस २एक्स. आधी गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करून घेतलं, हे सांगायची तसदी नाही. दोन्ही बरोबर आहेत, पण बिचारा विद्यार्थी बरोबर उत्तर खोडून बसतो. खोडू नका. दोन्हींत एक्स = १ ठेवा, आकडे जुळतात का बघा.

मूळ फलाचा चढ कॅल्क्युलेटरवर काढून ताडणार असाल, तर तो आधी रेडियनवर घ्या. डिग्रीवर राहिला तर चढाला π/१८०, म्हणजे ०.०१७४५ चा गुणक चिकटतो, आणि मग बरोबर उत्तरावरही काट मारली जाते.