आमच्या घरची तळछावणी

डिस्कव्हरीची ‘एव्हरेस्ट : बियॉन्ड द लिमिट’ ही मालिका बघायची असेल तर आधी घरातली माणसं गावाला पाठवा. आमच्याकडे ती बघायला आई असते, बायको असते आणि जेवण झाल्यावर ‘सहज डोकावलो’ म्हणत येणारे शेजारचे नानाकाका असतात. काकांनी तरुणपणी कळसूबाई केलंय. त्यामुळे एव्हरेस्टवर अधिकारवाणीनं ते एकटेच बोलतात. बाकीच्या दोघी अधिकार नसताना बोलतात, एवढाच फरक.

पहिला सीझन 2006च्या मोहिमेचा. रसेल ब्राइस नावाचा न्यूझीलंडचा गडी तिबेटच्या बाजूनं हौशी मंडळींना पैसे घेऊन वर नेतो. मी एवढं सांगितलं आणि मालिका तिथंच अडली.

“पैसे त्यानं यांना द्यायचे का यांनी त्याला?” आईनं विचारलं.

“यांनी त्याला. लाखांनी.”

“मरायला जायचे?”

पडद्यावर सगळं इंग्रजी. त्यातही निम्मं ऑक्सिजनच्या मास्कमधून. ते आईला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. वरचा माणूस धापा टाकत अर्धं वाक्य बोलतो, उरलेलं मी पदरचं घालून पूर्ण करतो, तोवर इकडे “आता हा कोण?” सुरू झालेलं असतं. शेवटी मी सगळ्यांचं एकच भाषांतर ठरवून टाकलं : “थंडी वाजतेय म्हणतो.” आईला ते पटतंही.

तिबेटच्या बाजूनं तळछावणीपर्यंत, म्हणजे जवळजवळ 5,200 मीटरपर्यंत, चक्क गाडी जाते. हे दिसल्यावर काकांनी पाय वर घेऊन मांडी घातली. “मग कसलं डोंबलाचं गिर्यारोहण? आम्ही कळसूबाई पायी केलं.” बारी गावापर्यंत काकाही एसटीनंच गेले होते, हे मी बोललो नाही. वडीलधाऱ्या माणसाला हिमालयात एकटं पाडू नये.

खरी पंचाईत झाली ती मंडळी वर जाऊन पुन्हा खाली यायला लागली तेव्हा. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी, तांबड्या पेशी वाढाव्यात, म्हणून थोडं चढायचं आणि परत उतरायचं, असं बरेच दिवस चालतं. माथ्यावर समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांशच ऑक्सिजन छातीत जातो, तेव्हा या सरावाला इलाज नाही. हे मी मन लावून समजावलं. आईचं म्हणणं एकच : “एकदा वर गेलात ना, मग तिथंच थांबा की. सारखी काय ये-जा!”

त्यातला मार्क इंग्लिस मात्र आमच्या घराला मनापासून आवडला. 1982 साली न्यूझीलंडच्या आओराकी पर्वतावर बर्फाच्या गुहेत अडकून हिमदंशानं दोन्ही पाय गमावलेला माणूस, कृत्रिम पायांवर एव्हरेस्ट चढत होता. वाटेत त्यातला एक पाय मोडला, तर त्यानं चिकटपट्टी गुंडाळून तात्पुरता जोडला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार दिवाळीपासून एका बिजागरीवर लोंबतंय. ती एक शब्दही बोलली नाही. तो भाग मला जरा लांबलाच.

आई मात्र भलत्याच गोष्टीवर अडून बसली होती. “हे सगळं दिसतंय, म्हणजे फोटो काढणारा यांच्याही पुढं असणार. त्याचं कौतुक का करत नाहीत?” मी म्हटलं, वरची बरीचशी दृश्यं शेर्पांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. “आणि ते दोर?” तेही शेर्पांनीच आधी जाऊन बांधलेत. “तंबू? सिलिंडर?” शेर्पाच. त्यांचा म्होरक्या फुर्बा ताशी. पुढं जाऊन तो एव्हरेस्टच्या माथ्यावर एकूण 21 वेळा पोचला. “मग हे बाकीचे पैसे भरून करतात काय?” याचं उत्तर मालिकेच्या निर्मात्यांनाही देता आलं असतं असं मला वाटत नाही. तेव्हापासून आई फुर्बा दिसला की टीव्हीचा आवाज वाढवायला लावते.

‘सेकंड स्टेप’चा उभा कडा आला. 8,600 मीटरच्या आसपास, आणि तिथं 1975 साली चिनी गिर्यारोहकांनी लावलेली शिडी. काका उठून टीव्हीपाशी गेले. “शिडी? अहो, कळसूबाईलाही शिड्या आहेत! लोखंडी!” 8,848 आणि 1,646 मधला सगळा फरक त्या क्षणी मिटला. पडद्यावरचा माणूस शिडीच्या मधोमध लटकलेला असताना जाहिराती लागल्या. तो तिथं गारठत राहिला आणि आम्ही प्रेशर कुकरची जाहिरात पूर्ण बघितली.

शेवटी तो अमेरिकन मोटरसायकलवाला, टिम मेडवेट्झ. माथा जवळ आलेला, ऑक्सिजन संपत आलेला आणि खाली नॉर्थ कोल नावाच्या खिंडीत, 7,000 मीटरवर, दुर्बीण लावून बसलेला ब्राइस वायरलेसवर सांगतोय की फीर मागं. तो ऐकेना. इकडे आई ओरडतेय, “फीर रे बाबा!”, बायको म्हणतेय, “पुरुषांना एकदा सांगून कधी कळलंय?” गडी अखेर फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि चढला, हे मी सांगून टाकलं. त्यावर आई, “मग आज कशाला जागवलंस?” म्हणत झोपायला गेली.

काका मात्र पेटले होते. “ठरलं. या रविवारी कळसूबाई. माझे गुडघे चालणार नाहीत, मी बारीत दुर्बीण घेऊन बसतो. तुम्ही दोघं चढा, मी फोनवर सांगत राहीन. आणि बरोब्बर दोन वाजता, असाल तिथून मागं फिरायचं.”

“शिखर दहा पावलांवर असलं तरी?”

“तरी. नंतर एसटी मिळत नाही.”

“आणि पाणी, डबे, सतरंजी?” बायकोनं विचारलं.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “फुर्बा आहे ना.”